काय समजलं ते पेशंट सांगेल

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. भाऊजींचा फोन. ‘‘अवी, वसू गेली रे,’’ एवढंच म्हणाले. पलीकडून वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज येत होता. ताईचं हृदय दोन वर्षांपासून थकत चाललं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं मी म्हणणार नाही. पण अपेक्षित असलेली बातमीही ऐकायची कुठे सवय असते?

बदलापूरच्या बेलवलीला ताईच्या घरी पोचलो तर जिन्यापासूनच गर्दी. कुणी ड्युटीच्या गणवेशात तसंच आलेलं, कुणी ड्युटीला जाता जाता. ताईने उल्हासनगरच्या एका नर्सिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, वॉर्डात उभं राहून शिकवलं. या सगळ्या तिच्या विद्यार्थिनी. नंतर कुणी म्हणालं, शंभर आल्या होत्या, कुणी म्हणालं दोनशे. मी मोजल्या नाहीत, म्हणून आकडा लिहीत नाही. घरात मावत नव्हत्या एवढं खरं. त्यांच्यात एक उंच, खणखणीत आवाजाची मुलगी सगळ्यांना कामाला लावत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘मामा, कवापासून उभं हाव? बसा इकरं. आधी पानी प्या.’’ शेजारच्या एक आजी माझ्या बायकोच्या, मेधाच्या, कानाशी लागल्या, ‘‘कोण गं ही? मयताला आलीय की भांडायला?’’ भाऊजी डोळे मिटून बसले होते. तसेच बसून म्हणाले, ‘‘तिच्या आवाजाला काही बोलू नका. आमच्या हिनेही एकदा तेच म्हटलं होतं, आणि मग वर्षभर तिला झोप लागली नव्हती.’’

ही प्रणाली. ताईबद्दल लिहायचं तर प्रणालीबद्दल लिहावं लागेल, आणि ते ताईच्या बाजूचं कौतुकाचंच असेल असं नाही. पण ताईलाही गुळमुळीत लिहिलेलं चाललं नसतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि घरात बोलण्याची शिस्त कडक. ‘न’च्या जागी ‘ण’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ झाला की जेवता जेवता घास थांबवून पुन्हा म्हणायला लावत. मी त्यातून वेळ मारून नेली, ताईने ते मनावर घेतलं. तिचं मराठी ऐकत राहावं असं होतं. शिकवायला लागल्यावर पहिल्या दिवसापासून ती म्हणायची, ‘‘माझ्याकडे सगळ्या मुली सारख्या.’’ हे ती मनापासून म्हणायची. कुणाची जात, कुणाचं गाव, कुणाचा बाप काय करतो, हे तिने कधी विचारलं नाही. डबा विसरलेल्या मुलीला स्वतःचा डबा द्यायची, मग ती कुणीही असो. त्यामुळे आपल्यात काही खोट असेल अशी शंका तिला यायचं कारणच नव्हतं.

प्रणाली बदलापूरच्या पलीकडच्या गावातली. आजोबा खाडीकडच्या मिठागरांवर राबलेले, वडिलांचा आता रेती-खडी पुरवायचा धंदा, दारात डंपर. घराण्यात नर्सिंगला आलेली पहिली मुलगी. हाताला हुशार. पण कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पेशंटशी संवाद असा एक भाग असतो. पेशंटला औषध कसं घ्यायचं, घरी काळजी काय घ्यायची, हे विद्यार्थिनीने समजावून सांगायचं आणि शिक्षिकेने शेजारी उभं राहून गुण द्यायचे. त्यात ताईने प्रणालीला नापास केलं. त्यात नापास म्हणजे त्या वर्षी अंतिम परीक्षेला बसता येत नाही. वडिलांनी आधीच बजावलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तरी शिक्षण बंद, स्थळ तयार आहे. प्रणालीने कॉलेजला यायचंच सोडलं.

प्रणालीचे वडील एकदा ताईला भेटायला आले होते. तो किस्सा ताईने आम्हाला जेवताना सांगितला.

‘‘मॅडम, पोरीनं सुई चुकीची टोचली का?’’

‘‘नाही.’’

‘‘औषध चुकीचं दिलं?’’

‘‘नाही हो. बोलणं. ती पेशंटशी भांडल्यासारखी बोलते.’’

‘‘भांडल्यासारखी? मॅडम, आमी भांडतो तवा तुमी ऐकलंच नाय मग!’’

आम्ही हसलो. ताईही हसली. तिच्या लेखी विषय तिथे संपला होता.

तो पुन्हा उघडला एका आजीने. अंबरनाथपलीकडच्या गावातली ही आजी मधुमेहाची, नुकतंच इन्शुलिन सुरू झालेलं. परीक्षेच्याच दिवसांत ताईच्या एका आवडत्या विद्यार्थिनीने, केतकीने, तिला समजावलं होतं, की सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास सुई घ्यायची. आवाज मऊ, शब्द स्वच्छ, आजींचा हात हातात घेतलेला. आजी प्रत्येक वाक्याला ‘हो बाय, हो बाय’ म्हणाल्या. ताईने पूर्ण गुण दिले. घरी गेलेल्या आजी थोड्याच दिवसांत परत आल्या त्या घामाने थबथबलेल्या, थरथरत, अर्धवट शुद्धीत. साखर खूप खाली गेली होती. वेळेवर आणलं म्हणून सावरल्या. दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, ‘‘आजी, त्या मुलीने सगळं सांगितलं होतं ना?’’

‘‘सांगितलं ना. लय गोड बोलली पोरगी.’’

‘‘मग सुई घेतल्यावर खाल्लं नाही?’’

‘‘खाल्लं की. अकराला, रोजच्यासारखं. न्याहारी आमच्यात कोन करतं? सकालचा कोरा चा, नि मग अकराला भाकरी.’’

‘‘अहो, मग हे तिला का नाही सांगितलंत?’’

‘‘तिनं इचारलं कुठं? येवरी शिकलेली पोर... तिला मधी तोरायचं कसं?’’

त्या संध्याकाळी ताई बेलवलीला न जाता गाडीतून मधेच अंबरनाथला उतरून आमच्याकडे आली. खांद्यावरची पिशवीही न काढता खुर्चीवर बसली. ‘‘अवी, प्रणालीला मी कशासाठी नापास केलं आठवतंय? पेशंट बाई तशाच होत्या, मधुमेहाच्या. आणि ही पोरगी तारस्वरात विचारत होती, सकाळी काय खाता? खरं सांगा! सुनेनं दिलेलं की स्वतः घेतलेलं? मी लिहिलं, उद्धट, खासगी प्रश्न विचारते. केतकीने एकही प्रश्न विचारला नाही, तिला मी पूर्ण गुण दिले... कारण ती माझ्यासारखी बोलते.’’ मेधा म्हणाली, ‘‘ताई, मुद्दाम थोडंच केलंत?’’ ताई म्हणाली, ‘‘मुद्दाम केलं असतं तर निदान मला माहीत तरी असतं. अशा किती जणींना मी घरी पाठवलं असेल?’’ तो आकडाही कुणाकडे नाही. पण त्यातल्या एकीचं लग्न अजून ठरायचं होतं आणि परीक्षेचे अर्ज भरायची मुदत अजून संपली नव्हती, एवढं तिला कळत होतं.

मी तपासणीच्या कामातला माणूस. आमच्याकडे कच्चा माल आला की नमुन्याच्या बाटलीवर पुरवठा करणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक लिहितात. नाव दिसलं की ‘यांचा माल चांगलाच असतो’ असं डोक्यात येतं आणि काठावरचा निकाल आपोआप एका बाजूला झुकतो. तपासणारा लबाड असतो म्हणून हे होतं असं नाही. मी तिला म्हटलं, तुम्हीही क्रमांक वापरा. मुली पडद्याच्या पलीकडे, तुम्ही अलीकडे. तिला ते पटलं. वॉर्डातला हिरवा पडदा लावून तिने दुसऱ्या तुकडीची, तिला अनोळखी असलेल्या मुलींची, सरावाची चाचणी घेतली. परत आली ती कपाळावर हात मारत. ‘‘तुझी युक्ती तुझ्या बाटल्यांना ठीक आहे. पडद्यातून येतो फक्त आवाज, आणि माझी खोड आवाजातच आहे! चेहरा दिसत होता तेव्हा निदान मुलीचे डोळे तरी दिसायचे. आता तर नुसती मराठीची परीक्षा झाली.’’

युक्ती फसली हे मी मान्य केलं. मेधा पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं भाऊबहीण मघापासून वाढणारीचं काय ते बोलताय. जेवणाऱ्याला विचारा की, पोट भरलं का म्हणून!’’

मग ताईने पद्धत उलटी केली. शिक्षिकेने विद्यार्थिनीच्या शेजारी उभं राहायचं नाही. खुर्ची घेऊन पेशंटच्या उशाशी बसायचं. विद्यार्थिनीचं बोलून झालं की पेशंटला विचारायचं, ‘‘काय समजलं? घरी गेल्यावर काय काय कराल, मला सांगा.’’ पेशंटला जे सांगता आलं त्याचे गुण. शिक्षिकेला काय आवडलं याचे नाहीत. कागदावर हे फार साधं दिसतं. प्रत्यक्षात ताईला सहकाऱ्यांची बरीच बोलणी खावी लागली. पेशंट काय आता परीक्षक होणार का, अडाणी माणूस काहीही सांगेल, असं पुष्कळ. प्राचार्य म्हणाले, ‘‘बाई, निकालावर तुमचीच सही आहे. स्वतःच्याच सहीवर शंका घेणार?’’ ताई म्हणाली, ‘‘हो, तेच लेखी द्यायला आलेय.’’

फेरपरीक्षेची परवानगी मिळाली, पण जिच्यासाठी मिळवली ती गावात बसलेली. एका रविवारी मी ताईबरोबर रिक्षाने प्रणालीच्या घरी गेलो. पडवीत ती ड्रायव्हरांचे फोन घेत बसली होती. ताईला बघून उठली नाही.

‘‘आता कशाला आल्या, मॅडम? पत्रिका छापून आली का बघायला?’’

‘‘ये, गप!’’ वडील आतून ओरडले. ‘‘पाव्हन्यांना आधी पानी दे.’’

ताई पाणी प्यायली, तिने तांब्या खाली ठेवला. ‘‘मी तुला गुण चुकीचे दिले.’’

‘‘कोन बोललं?’’

‘‘एक आजी बोलली.’’ आणि ताईने झालेलं सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. पोरगी ऐकत होती, तिच्या हातातला फोन वाजून वाजून बंद पडला.

‘‘मग तेवढे मार्क वाढवून द्या नि मोकल्या व्हा.’’

‘‘वाढवून देणार नाही. परीक्षा पुन्हा. आणि गुणही मी देणार नाही, दुसऱ्या बाई देतील. पेशंट काय सांगतो त्यावर.’’

‘‘आनि पेशंटच बोलला, ही भांडते, तर?’’

‘‘तर नापास.’’

प्रणाली पहिल्यांदा हसली. ‘‘ह्ये बरं. आता खरं बोलल्या.’’ वडिलांनी मात्र नकाराची मान हलवली. तिकडच्या मंडळींना शब्द दिल्यासारखं आहे, म्हणाले. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘‘बोलू त्यांना... परीक्षा होईस्तोवर थांबा म्हनून.’’ निघताना त्यांनी रिक्षात वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली.

फेरपरीक्षेत प्रणाली पास झाली. पण गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ताई हे सांगताना पुढचा भाग कधी गाळत नसे. परीक्षेतली एक पेशंट उल्हासनगरच्या कॅम्पातली, म्हणजे फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या जुन्या वस्तीतली, सिंधी बाई होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली. ती सारखी कण्हत होती. प्रणालीने पथ्यपाणी, टाके, गोळ्या, सगळं भराभर सांगितलं आणि उठली. उशाशी बसलेल्या बाईंनी विचारलं तेव्हा पेशंट म्हणाली, ‘‘सब बताया बेटी ने. पर दर्द का तो पूछा ही नहीं.’’ त्या पेशंटचे प्रणालीचे गुण गेले. बाहेर आल्यावर ती ताईपाशी धुसफुसली, ‘‘मॅडम, या कॅम्पातल्या बायका जरा दुखलं की बोंबलतात. नाटकं नुसती.’’

‘‘आणि गावातल्या?’’

‘‘गावातल्या सोसतात.’’

‘‘असं कोण म्हणतं?’’

प्रणाली वॉर्डाच्या दाराकडे वळून म्हणाली, ‘‘...मीच म्हनते.’’ आणि कुणी न सांगता परत आत गेली. त्या बाईला पहाटेपासून खरोखर दुखत होतं. प्रणालीने डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी दुखण्याचं औषध बदललं, आणि संध्याकाळपर्यंत बाई उठून बसून सगळ्या वॉर्डाला खाऊ वाटत होत्या. ताई म्हणायची, ‘‘मला वाटत होतं दोष माझ्या घराण्याचा आहे, त्या न-ण मधून आलेला. तसं नाही. ज्याचा त्याचा आपापला असतो. पोरीला तो एका दुपारी दिसला, मला दिसायला अर्धी नोकरी गेली.’’ हे ती खेदाने म्हणत नसे. पोरीचा तिला अभिमान होता.

पुढे ती पद्धत त्या कॉलेजात रुळली. सगळ्याच शिक्षिका पाळतात असा माझा दावा नाही. काही जणी खुर्ची उशाशी ओढतात आणि गुण आधीच ठरवून ठेवतात, हे ताईच सांगायची. पण प्रणाली नर्स झाली, मग पुढचं शिकली, आणि ताई निवृत्त झाल्यावर तिच्याच जागी शिकवायला लागली. लग्नही केलं, स्वतःच्या पसंतीने, जरा उशिरा. वडील मांडवात ताईला म्हणाले, ‘‘मॅडम, आता सासरी भांडल्यासारखी बोलली तर तक्रार तुमच्याकडं.’’

ताईला मी शेवटचं भेटलो ते तिच्या जाण्याच्या चार दिवस आधी, हॉस्पिटलात. एक तरुण शिकाऊ डॉक्टर मुलगी फाईल घेऊन आली आणि पलंगावरच्या ताईच्या डोक्यावरून भाऊजींना विचारू लागली, ‘‘काका, यांना रात्री दम लागतो का? जेवण जातं का?’’ ताईने डोळे उघडले. ‘‘डॉक्टर, दम मला लागतो. काकांना फक्त बीपी आहे.’’ मुलगी लाल झाली. पण पळाली नाही. फाईल मिटली, स्टूल ओढलं, ताईच्या तोंडासमोर बसली आणि पहिल्यापासून सगळं ताईलाच विचारलं. ती गेल्यावर ताई म्हणाली, ‘‘बघितलंस? आम्हाला त्या वयात कुणी असं म्हटलं असतं ना, तर आठवडाभर रुसून बसलो असतो. ही लगेच बसली. बरी चाललीय रे पुढची पिढी...’’ एवढं बोलूनही तिला धाप लागली होती. पण चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते मला समजूत घालण्यापुरतं नव्हतं. ताईला तसं करता यायचं नाही.

मागच्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला. ‘‘मामा, शनिवारी सुट्टी हाय ना? पेशंट व्हाल का?’’

‘‘मला काय झालंय?’’

‘‘काय नाय झालं. सरावाच्या खोलीत झोपायचं नुसतं. हर्षा म्हनून मुलगी हाय, कॅम्पातली. मला वाटतं तिला नापास करावं.’’ जरा थांबली. ‘‘मला वाटतं, म्हनूनच तुम्हाला बोलावते.’’

गेलो. पांढरी चादर, वर पंखा, आणि उशाशी खुर्ची टाकून प्रणाली. गुण देणाऱ्या दुसऱ्या बाई समोर. हर्षा सिंधी घरातली, विशीची, हातात औषधाची रिकामी पाकिटं. मला रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगायच्या होत्या. ती मराठीत सुरुवात करायची, अडली की हिंदीत जायची, पुन्हा मराठीत यायची. बोलून झालं. प्रणालीने विचारलं, ‘‘मामा, काय समजलं?’’

मी तोंड उघडलं आणि सांगण्यासारखं काहीच सापडेना. ती कुठे अडली, कुठला शब्द चुकला, हे सगळं डोक्यात होतं. गोळी केव्हा घ्यायची ते नव्हतं. मी म्हणालो, ‘‘माझं लक्ष हिच्या मराठीकडे होतं. हिला पुन्हा सांगू द्या.’’ समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

हर्षाने पाकिटं बाजूला सारली आणि स्टूल पुढे घेतलं. ‘‘ठीक आहे अंकल. पहिले तुम्ही मला सांगा. घरी गोळी तुम्ही स्वतः घेता की आंटी काढून देते?’’

‘‘आंटी देते,’’ मी म्हणालो. खरं तेच होतं.

‘‘आणि आंटी माहेरी गेली तर?’’

प्रणालीने तोंडावर पदर धरला. मी कबूल केलं की मग राहून जाते. ‘‘मग अंकल, हे आपण आंटीला नाही, तुम्हालाच पक्कं करू,’’ हर्षा म्हणाली, आणि एकेक पाकीट माझ्या हातात देऊन, तिच्या त्याच मराठीत, तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी ऐकलं.

‘‘मामा,’’ प्रणालीने उशाशी वाकून विचारलं, ‘‘आता सांगा. काय समजलं?’’

या वेळी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता आलं.